फौजी अधिकारी काय वाचतात? आणि कसं?

गोष्ट मागच्या वर्षीची. आमचा रूम-पार्टनर एसएसबीला जाणार होता. इंजिनिअरिंग संपवून टेक्निकल एन्ट्रीने आर्मीत जायचं हे त्याचं फर्स्ट इयरपासूनचं स्वप्न. पहाटे पळणं, पुशअप्स, आरशासमोर इंग्लिश, सगळं जोरात चालू होतं. अशात कुणीतरी सांगितलं, "अरे, वाचनाबद्दल विचारतात." झालं! पठ्ठ्याने नेटवरून कुठल्याशा परदेशी सेनेची पुस्तकांची यादी काढली, प्रिंटआउट भिंतीवर चिकटवला आणि पुस्तकांची व लेखकांची नावं घोकून टाकली. ओरलच्या आदल्या रात्री आपण जे करतो, अगदी तेच.

मुलाखतीत खरंच विचारलं, काय वाचलंस? याने धडाधड सहा नावं फेकली. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे एकच प्रश्न केला, "यातल्या कुठल्या लेखकाचं म्हणणं तुला पटलं नाही?"

आमचा हिरो गप्प!

परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते भिंतीवरचा प्रिंटआउट फाडायचं. मग मला म्हणाला, "तू एवढा लायब्ररीत पडलेला असतोस ना, मग सांग, यादी कशी करायची असते?" मलाही माहीत नव्हतं. म्हणून थोडी शोधाशोध केली. तीच इथे मांडतोय.

वाचायचंच कशाला?

आधी हा प्रश्न. लढणाऱ्या माणसाला पुस्तकं कशाला हवीत? आपल्याकडे डिझाइन चुकलं तर टेस्टिंगमध्ये कळतं, प्रोटोटाइप मोडला तर दुसरा करता येतो, वर फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच. विषय राहिला तर एटीकेटी आहे. अधिकाऱ्याला यातलं काहीच नाही. तीस वर्षं नोकरी करूनही एखाद्याच्या वाट्याला एकच युद्ध येतं, कुणाच्या वाट्याला तेही नाही. आणि येतं तेव्हा पहिल्याच दिवशी बरोबर निर्णय घ्यावा लागतो. चुकला तर किंमत तो एकटा देत नाही, त्याच्या हाताखालची आपल्या वयाची पोरं देतात.

अमेरिकेच्या मरीन कोअरमधले जनरल जेम्स मॅटिस (पुढे २०१७-१८ मध्ये ते तिथले संरक्षणमंत्रीही होते) २००४ मध्ये इराकला जाण्याच्या तयारीत होते. त्याआधी, २००३ साली, एका सहकाऱ्याने त्यांना विचारलं, कामाच्या रगाड्यात वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना काय सांगायचं? मॅटिसनी लांबलचक ई-मेल लिहिली. तिचा मथितार्थ असा, की फक्त स्वतःच्या अनुभवातून शिकणं आपल्या धंद्यात परवडत नाही. दुसऱ्यांनी जे भोगलं ते वाचून शिकता येतं, आणि त्यात आपली माणसं मरत नाहीत. एवढं साधं आहे. वाचन हा तिथे छंद नाही, कामाचा भाग आहे.

तयार याद्या असतात की!

असतात. मरीन कोअरचे प्रमुख जनरल आल्फ्रेड ग्रे यांनी १९८९ मध्ये अशी अधिकृत यादीच सुरू केली. कुठल्या हुद्द्याच्या माणसाने काय वाचावं हे त्यात ठरवून दिलेलं. त्याही आधी, नेपोलियनने तर सात सेनापतींची नावंच देऊन ठेवली होती. अलेक्झांडर, हॅनिबल, सीझर, गुस्ताव्हस, ट्युरेन, यूजीन आणि फ्रेडरिक यांच्या मोहिमा पुन्हा पुन्हा वाचा, असा त्याचा सल्ला.

या याद्या वाईट नाहीत, सुरुवातीला उपयोगीच पडतात. पण त्या म्हणजे आपला मेसचा मेनू. दोनशे जणांसाठी एकदम ठरवलेला. त्यात पोट भरतं, पण तुमच्या पोटाची तक्रार काय आहे ते महाराजाला कुठून माहीत असणार? ती ज्याची त्यालाच ओळखावी लागते.

गेटिसबर्गची घोकंपट्टी

आता एक खरी गोष्ट. ड्वाइट आयझेनहॉवर. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त फौजांचा हा सरसेनापती, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. असा माणूस पहिल्यापासून पुस्तकी किडा असेल असं वाटतं ना? छे! वेस्ट पॉइंटच्या १९१५ च्या बॅचमध्ये १६४ जणांत त्याचा नंबर होता ६१ वा. आणि लष्करी इतिहासाचा तर त्याला चक्क कंटाळा होता.

कारण वाचून मला फार बरं वाटलं. १८६३ ची गेटिसबर्गची लढाई तीन दिवस चालली. ती शिकवताना दोन्ही बाजूंच्या ब्रिगेडियर जनरलांची नावं पाठ करायची, आणि कुठल्या तासाला कुणाची तुकडी कुठे होती तेही पाठ करायचं. ती तिथे का होती, हे मात्र कुणी सांगायचं नाही. साहेब तिथेच इतिहासावरून उठले. ओळखीचं वाटतंय ना?

१९२२ मध्ये मेजर आयझेनहॉवर पनामात पोस्टिंगवर गेला. तिथे त्याचे वरिष्ठ होते ब्रिगेडियर जनरल फॉक्स कॉनर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकन सेनेच्या ऑपरेशन्सचं काम सांभाळलेला हुशार माणूस. गप्पांमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की या पोराला इतिहास नकोसा झालाय. त्यांनी लेक्चर दिलं नाही की यादी दिली नाही. आपल्या कपाटातून तीन कादंबऱ्या काढून दिल्या. हो, कादंबऱ्या! त्यातली एक शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलची, नेपोलियनच्या काळातल्या एका बढाईखोर घोडदळ अधिकाऱ्याची.

आयझेनहॉवरने त्या वाचून परत केल्या. कॉनरनी विचारलं, "आवडल्या? मग त्या काळात खरं काय घडत होतं ते बघायचंय का?" आणि मग इतिहासाची पुस्तकं दिली. त्यानंतर अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापतींच्या आठवणी. त्यानंतर क्लाउझेविट्झचा युद्धावरचा १८३२ चा जाडजूड जर्मन ग्रंथ, तोही इंग्रजी भाषांतरात, एकदा नाही तर तीनदा!

खरी मजा पुढे आहे. प्रत्येक पुस्तकानंतर कॉनर प्रश्न विचारायचे. घोड्यावरून रपेट करताना, रात्री शेकोटीपाशी. जनरल लीने हा निर्णय का घेतला? त्याला त्या वेळी काय माहीत होतं? दुसरे कुठले मार्ग होते? उलटा निर्णय घेतला असता तर काय झालं असतं? वेस्ट पॉइंटला होती तीच गेटिसबर्ग, पण 'कोण कुठे'च्या जागी 'का' आला आणि त्याच माणसाला तोच विषय आवडायला लागला.

शिवाय वाचलेलं हातात उतरावं म्हणून कॉनरनी त्याच्याकडून छावणीच्या रोजच्या कामाचे आदेशसुद्धा पद्धतशीर लढाईच्या हुकमाच्या नमुन्यात लिहून घेतले. रोजच्या रोज! तीन वर्षांत हात बसला. १९२५-२६ मध्ये लेव्हनवर्थच्या स्टाफ स्कूलमध्ये २४५ अधिकाऱ्यांत पहिला कोण आला असेल? ६१ वा आलेला हाच गडी. पनामातली ती वर्षं म्हणजे आपलं पोस्ट ग्रॅज्युएशन होतं, अशा अर्थाचं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलंय.

मग आपली यादी कशी करायची?

यातून मला कळलेलं असं –

१) नावापासून नको, प्रश्नापासून सुरू करा. वर्षभराने मी कुठे असेन? तीस जवानांची प्लाटून असेल की वर्कशॉप? कशाची भीती वाटते? निर्णय घेण्याची, आपल्या दुप्पट वयाच्या सुभेदाराला सांभाळण्याची, की रसद पोचवण्याची? हा प्रश्न वहीत वर लिहायचा. पुस्तक त्याच्या खाली.

२) पहिलं पुस्तक सोपं हवं. कादंबरी, आत्मचरित्र, काहीही. जाड ग्रंथ पहिला घेतला की तो उशीला उंची द्यायच्या कामाला येतो. स्वानुभव!

३) एका घटनेवर दोन पुस्तकं, आणि ती एकमेकांशी भांडणारी. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे १९६२. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी हे नामका चू नदीवरच्या ७ व्या ब्रिगेडचे कमांडर. ते चिनी सैन्याच्या हाती सापडले आणि १९६३ च्या मे महिन्यापर्यंत कैदेत होते. त्यांचं 'हिमालयन ब्लंडर' १९६९ चं. दळवी ज्यांच्यावर कडाडून टीका करतात ते कोअर कमांडर जनरल बी. एम. कौल. त्यांनी आपली बाजू १९६७ मध्येच 'द अनटोल्ड स्टोरी'त मांडली होती. यात तिसरं घाला आपल्या कोल्हापूरकडच्या जनरल एस. पी. पी. थोरातांचं 'फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट'. १९६१ पर्यंत पूर्व विभाग त्यांच्याकडे होता. चीनशी लढाई झाली तर काय होईल याचा अंदाज त्यांनी १९६० मध्येच एका सरावातून मांडला होता. तिन्ही वाचल्यावर कोण खरं हे लगेच कळत नाही. पण 'कुठल्याचं पटलं नाही' या प्रश्नाचं उत्तर मात्र नक्की तयार होतं!

४) एक पुस्तक पराभवाचं हवंच, आणि शक्यतो हरलेल्यानेच लिहिलेलं. फील्ड मार्शल स्लिम यांचं 'डिफीट इंटू व्हिक्टरी' (१९५६) घ्या. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून मार खाऊन माघार, मग इम्फाळ-कोहिमा, मग १९४५ ला विजय. त्यांच्या १४ व्या आर्मीत मोठा भरणा आपल्या भारतीय जवानांचा. कोहिमावर किती जपानी येतील याचा आपला अंदाज साफ चुकला, हे स्लिम स्वतः कबूल करतात. इंजिनिअरांसाठी तर मेजवानीच आहे. विमानातून रसद टाकायला पॅराशूटचं कापड मिळेना, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची पॅराशूटं करून घेतली. सिव्हिलवाल्यांनो, डांबरात बुडवलेलं गोणपाट अंथरून रस्तेही केले!

५) समासात लिहा. लायब्ररीच्या पुस्तकात नव्हे, वहीत! (आमच्या ग्रंथपाल सरांनी हे वाक्य मुद्दाम घालायला लावलंय.) प्रत्येक पुस्तकामागे तीन ओळी पुरे. त्याने काय ठरवलं, का ठरवलं, मी असतो तर काय केलं असतं.

६) एक कॉनर शोधा. प्रश्न विचारणारं माणूस. सर असोत, एनसीसीचे साहेब असोत, नाहीतर समोरच्या खाटेवरचा पार्टनर.

७) वर्षातून एकदा यादी छाटा. प्रश्न बदलला की पुस्तकं बदलली पाहिजेत. मात्र एक जुनं पुस्तक ठेवा, पुन्हा वाचायला. क्लाउझेविट्झ तीनदा वाचला तो उगाच नाही.

आणि ज्यांना फौजेत जायचंच नाही त्यांनी हसू नये. उद्या साइटवर पन्नास कामगार तुमच्या सहीवर मचाणावर चढणार आहेत. तिथेही चूक तुमची आणि पडणारा दुसराच असतो.

आमचा पार्टनर पुन्हा बसतोय एसएसबीला. या वेळी भिंतीवर फक्त पाच नावं आहेत, पेन्सिलीने लिहिलेली, आणि प्रत्येकासमोर एक प्रश्नचिन्ह. दळवी की कौल यावरून आमची रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. शेजारची खोली वैतागलीय. परवा तक्रार करायला आले आणि म्हणाले, "आवाज कमी करा." मग दारातच थांबून म्हणाले, "बरं, ते दळवींचं पुस्तक वाचून झालं की इकडे द्या."

– तृतीय वर्ष, यांत्रिकी