शिंगं ठेवायची की काढायची?

तुमच्या ऑफिसातली सगळ्यात लांबलेली मीटिंग आठवा. बजेटची नसणार, पैज लावते! दिवाळीच्या टी-शर्टचा रंग, नाहीतर नव्या लोगोतला निळा जरा जास्तच निळा वाटतोय का, असलाच काहीतरी विषय असणार. सर्व्हरच्या खर्चाचा आकडा आला की सगळे माना डोलावतात. लोगो पडद्यावर आला की रिसेप्शनपासून एमडींपर्यंत प्रत्येकाच्या अंगात पिकासो संचारतो.

या आजाराला कॉम्प्युटरवाल्यांच्या जगात चक्क नाव आहे, 'बाइकशेडिंग'. मूळ किस्सा पार्किन्सनसाहेबांच्या १९५७ सालच्या पुस्तकातला. कमिटीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव येतो आणि अडीच मिनिटांत पास होतो. मग येते कर्मचाऱ्यांच्या सायकलींसाठीची शेड. तिच्यावर पाऊण तास खल! कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही, पत्र्याची शेड मात्र सगळ्यांना कळते. १९९९ मध्ये एका डॅनिश प्रोग्रामरने, पॉल-हेनिंग कॅम्पने, आपल्या भांडकुदळ सहकाऱ्यांना हाच किस्सा लिहून ऐकवला आणि तिथून तो शब्द जगभर पसरला. हे सहकारी होते 'फ्रीबीएसडी' या प्रोजेक्टचे. आणि २००५ मध्ये याच मंडळींनी लोगो बदलायला काढला. आता बोला!

फ्रीबीएसडी म्हणजे फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. १९९३ पासून जगभरातले लोक ती लिहितात, त्यातले कितीतरी बिनपगारी. नाव ऐकलं नसेल, पण तुम्ही ती वापरलीय. रात्री दोन वाजता 'अजून एकच एपिसोड' म्हणत जे बघता, ते नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून पाठवतं, त्यांच्यावर हीच सिस्टीम चालते. सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या पोटात तीच. सुरुवातीच्या वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हरही तिच्यावरच होते.

तर या सिस्टीमची ओळख होती एक छोटा लाल सैतान. नाव बीस्टी. दोन शिंगं, शेपूट, हातात त्रिशूळ आणि पायात चक्क स्नीकर्स! त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र काढलंय जॉन लॅसेटर यांनी, ज्यांनी पुढे 'टॉय स्टोरी' केला तेच.

सैतान का? कारण पडद्यामागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला 'डीमन' म्हणतात. तुमचा मेल पोचवणारा, प्रिंटची रांग सांभाळणारा, तो डीमन. हा शब्द एमआयटीत १९६३ च्या सुमारास आला, तोही चर्चमधून नव्हे, फिजिक्समधून. मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातला रेणू निवडत बसणारा तो अदृश्य डीमन आठवतोय? बारावीनंतर विसरला असाल. खरं तर कोकणातल्या माणसाला हे समजवावंच लागणार नाही. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या भल्यामोठ्या चपला वाहतात. बीस्टीचे स्नीकर्स बघून मला आधी तोच आठवला! आणि त्रिशूळाचं म्हणाल, तर एका प्रोसेसमधून दुसरी काढण्याला युनिक्समध्ये 'फोर्क' म्हणतात, त्यावरचा तो विनोद. आपल्याला मात्र थेट शंकर दिसतो.

पण अमेरिकेत सैतान म्हणजे सैतानच. धार्मिक घरातल्या लोकांना ते चित्र खटकायचं. काहींचं म्हणणं वेगळं होतं. टाय लावलेल्या क्लायंटपुढे प्रेझेंटेशन करताना पहिल्याच स्लाइडवर कार्टून? शिवाय व्यवहाराच्या अडचणी. बीस्टीत इतक्या छटा आणि बारकावे की व्हिजिटिंग कार्डावर छापला तर लाल डाग. त्याचा कॉपीराइट प्रोजेक्टकडे नाही, मार्शल कर्क मॅक्युसिक या जुन्या बीएसडीकाराकडे. आणि तो एकट्या फ्रीबीएसडीचा नाहीच, सगळ्या बीएसडी भावकीचा सामायिक.

भावकीतल्या नेटबीएसडीने २००४ मध्येच हा प्रश्न निकालात काढला होता. त्यांच्या जुन्या चित्रात सैतानांची टोळी झेंडा रोवत होती, दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या प्रसिद्ध फोटोसारखी. ते गेलं, साधा नारिंगी झेंडा आला.

फ्रीबीएसडीत मात्र तलवारी निघाल्या. स्पर्धा जाहीर झाली तशी जुनी मंडळी चिडली. आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. बघा ना, पगारी माणसाला लोगो बदलला तर काय फरक पडतो? महिन्याच्या एक तारखेला तोच आकडा जमा होतो. पण जो माणूस ऑफिस सुटल्यावर, बायको-मुलं झोपल्यावर, एक पैसा न घेता कोड लिहितो, त्याला मिळतं काय? टी-शर्टवरचा तो सैतान. 'आम्ही यांच्यातले' एवढं सांगणारी एकुलती एक खूण! ती कुणा क्लायंटच्या सोयीसाठी काढून ठेवा म्हटल्यावर माणूस भडकणारच. त्याला बाइकशेडिंग म्हणून उडवून लावणं मला तरी जमत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल लागला. अँटोन गुराल यांचं डिझाइन जिंकलं. चकचकीत लाल गोळा आणि त्याला... दोन शिंगं! सैतान गेला, शिंगं राहिली. बीस्टीला घराबाहेर काढलं नाही, तो 'मॅस्कॉट' म्हणून राहिला. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर गोळा, टी-शर्टवर बीस्टी. सासरही खूश, माहेरही खूश. गोळा दिसायला देखणा आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण त्याचं टोपणनाव ठेवावंसं कुणाला वाटेल असं नाही.

लिनक्सच्या पेंग्विनची कथा तर उलटीच. १९९६ मध्ये लॅरी यूइंग यांनी काढलेला टक्स लोगोच्या स्पर्धांत उतरला आणि एकही जिंकला नाही. जिंकलेले लोगो आज कुणाला आठवतात? पेंग्विन मात्र पोराटोरांनाही माहीत.

आणि लोगोचं भांडण नुसतं आवडीनिवडीचं असतं असं समजू नका. ओपन सोर्समध्ये कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. नाव आणि चित्र मात्र ट्रेडमार्कचं, त्याला हात लावायचा नाही! २००६ मध्ये डेबियन आणि मोझिला यांच्यात यावरूनच वाजलं. फायरफॉक्सचा कोड खुला, पण कोल्ह्याच्या चित्राचं लायसन्स डेबियनच्या नियमांत बसेना. डेबियनवाले म्हणाले, आम्ही चित्राशिवाय देतो. मोझिला म्हणालं, मग नावही वापरू नका. झालं! डेबियनने त्याच ब्राउझरचं बारसं केलं 'आइसवीझल'. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी वीझल नावाचा मुंगसासारखा प्राणी. हा टोमणा तब्बल दहा वर्षं लाखो कॉम्प्युटरवर चालत राहिला. २०१६ मध्ये समेट झाला, तेव्हा कुठे डेबियनवर कोल्हा परतला.

२०२१ मध्ये मात्र त्याच कोल्ह्याच्या नावाने नेटवर रडारड सुरू झाली. फायरफॉक्सने लोगोतून कोल्हाच काढला म्हणे! खरं तर काढला होता तो कंपनीच्या सगळ्या प्रॉडक्ट्सच्या एकत्रित चिन्हातून, तोही २०१९ मध्येच. ब्राउझरच्या आयकॉनवर तो शेपूट गुंडाळून निवांत बसलेला होता. शेवटी मोझिलाला जाहीर खुलासा करावा लागला : शांत व्हा, कोल्हा आहे.