मातीच्या गाळणीचे पाणी कितपत निर्धोक?

शाळेच्या ओसरीवरील फिल्टरमधून पाणी थेंबाथेंबाने उतरते, अशी नेहमीची तक्रार असते. वस्तुतः हा संथपणा हेच आतील पांढऱ्या कॅन्डलच्या कार्यक्षमतेचे लक्षण होय. चांगल्या प्रतीच्या कॅन्डलमधील छिद्रे सुमारे एक मायक्रॉन किंवा त्याहूनही सूक्ष्म असतात व पटकी, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू बहुतांशी त्यांत अडकतात. म्हणूनच फिल्टर एकाएकी वेगाने वाहू लागल्यास समाधान न मानता कॅन्डलला तडा गेला आहे काय, हे प्रथम पाहणे इष्ट.

या गाळणीची मर्यादाही तितकीच जुनी आहे. पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांनी १८८४ साली चिनी मातीची गाळणी सिद्ध केली. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तीतून गाळला, तरी तो रोगकारकच राहिला. विषाणूंचा सुगावा लागला तो या गाळणीच्या अपयशातून! दिल्लीत १९५५-५६ मध्ये दूषित पाण्यामुळे पसरलेली कावीळ अशाच एका विषाणूची, हिपॅटायटिस-ईची होती. फ्लोराइड, नायट्रेट हे विरघळलेले क्षारही कॅन्डलमधून सुखेनैव पार होतात.

कंबोडियात मातीत भाताची तुसे मिसळून भाजलेल्या व चांदीचा लेप दिलेल्या कुंडीवजा गाळण्या खेड्यांतून वापरात आल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या वापरणाऱ्या कुटुंबांत अतिसार ४६ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र दरमहा सुमारे दोन टक्के गाळण्या, मुख्यतः फुटल्यामुळे, वापरातून जात होत्या. वाटपाचा आकडा कागदावर कायम राहतो, गाळणी राहत नाही. सुट्या कॅन्डलची तरतूद नसलेली खरेदी अर्धीच समजावी.

ग्वाल्हेर येथे १९८२ च्या सुमारास विकसित झालेली हायड्रोजन सल्फाइडची कुपी येथे उपयोगी पडते. गाळण्यापूर्वीचे व गाळलेले पाणी दोन कुप्यांत भरून ठेवावे. पहिली काळी पडून दुसरी स्वच्छ राहिली, तर कॅन्डल ठीक. दोन्ही काळ्या पडल्या, तर कॅन्डल निकामी किंवा खालचे भांडे अस्वच्छ. दोन्ही स्वच्छ राहिल्यास कॅन्डलविषयी काहीच सिद्ध होत नाही. विषाणू तर या कुपीलाही कळत नाहीत. त्यांच्यापासून संरक्षण हवे असेल, तेव्हा पाण्यात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. ब्लीचिंग पावडरचे हे काम कॅन्डलवर सोपविता येत नाही.