पाखोल्याची ढोल

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना 'जळकी बेटं' म्हणत, इंग्रजांनीही नकाशात तेच नाव चालवलं. खलाशांना ती दीपगृहामुळे ठाऊक, पक्षी अभ्यासकांना एका काळोख्या गुहेमुळे. तिथल्या भिंतींवर भारतीय पाकोळी घरटी करते, म्हणून ती पाखोल्याची ढोल.

ही पाकोळी काही एका बेटाची नव्हे. सह्याद्री, निलगिरी, श्रीलंका असा तिचा मुलूख. त्यामुळे आययूसीएनच्या यादीत ती 'कमी चिंता' या रकान्यात बसते. यादी चुकीची नाही, पण ती अख्ख्या जातीचा हिशेब मांडते. महाराष्ट्रातली तिची नावाजलेली वसाहत मात्र या खडकांवर आहे. एवढ्याशा जागेचं काही बिघडलं तर त्या रकान्यात काहीच बदलणार नाही.

पक्षी अभ्यासक जर्डनने 1860च्या दशकात आपल्या ग्रंथात या खडकांवरच्या पाकोळ्यांची नोंद केली. 1875 साली ए. ओ. ह्यूम किनाऱ्याने जाताना इथे उतरला. 1940च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या पाकोळ्यांवर आणि सुरयांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. नंतर बराच काळ या खडकांची फारशी चर्चा झाली नाही.

चर्चा नसली तरी घरट्यांना गिऱ्हाईक होतंच. पाकोळी लाळेने अर्ध्या वाटीसारखं घरटं भिंतीला चिकटवते आणि त्या लाळेचं सूप चीन, हाँगकाँगकडे महागडं पक्वान्न मानतात. आपल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ, गवत, पिसं मिसळलेली असतात. अंदमानातल्या तिच्या भाईबंदाच्या पांढऱ्याशुभ्र घरट्याइतका भाव त्याला नाही, तरी ते विकलं जातंच. घरटं खरवडलं की आतली दोन अंडी किंवा पिल्लं गेली. पाकोळी पुन्हा बांधते, पण विणीचा हंगाम तिच्यासाठी थांबत नाही.

2001 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथली घरट्यांची चोरी उजेडात आणली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी वन खात्यामागे लागले. (वेळासच्या कासवांमुळे सगळ्यांच्या ओळखीची झालेली संस्था ती हीच, पाकोळ्यांचं काम तितकं गाजलं नाही, गुहेत पर्यटक कोण नेणार?) पुढच्या एक-दोन वर्षांत अशा पाकोळ्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं.

कायद्याने चोराला शिक्षा होते, पण समुद्रातल्या गुहेवर नजर ठेवायला माणूसच लागतो. अंदमानात पक्षी अभ्यासक रवी शंकरन यांनी पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केलं. कुठल्या कपारीत शिडी लागते आणि कुठे दोर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वेंगुर्ल्याला निदान मार्च ते मे, समुद्र शांत असेपर्यंत, होडीची आणि पाण्याची नस जाणणारे स्थानिक मच्छीमार पगारावर राखणीला ठेवावेत, असं मला वाटतं. पावसाळा लागला की तिथे चोराची होडीही लागत नाही.