कमावलेला तवा

आपल्या जुन्या घरांतून गृहिणीची परीक्षा भांड्यांवरून होत असे. तांब्याच्या घागरीला चिंच, पितळेच्या डब्याला राख, पातेल्याला वेळच्या वेळी कल्हई. आणि फडताळात मांडलेल्या भांड्यांत पाहुण्याला आपले तोंड दिसले, म्हणजे घर स्वच्छ, असा निकाल लागे. तांब्यापितळेपुरता हा निकाल योग्यच होता. तांब्यावर चढणारा हिरवा कळंक पोटात जाणे बरे नव्हे आणि बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. तेव्हा ती भांडी घासणे ही हौस नव्हती, गरज होती. परंतु त्यातून आपल्या मनात एक समीकरण कायमचे बसले: चकाकते ते स्वच्छ आणि काळे ते घाण. या समीकरणाला स्वयंपाकघरातच एक अपवाद होता, आणि तो रोज चुलीवर चढत होता. तो म्हणजे बिडाचा तवा. नव्या सुनेने त्याला चिंच लावायला घेतली की सासूबाई माजघरातून म्हणत, "अगं, त्याला नको!" का नको, हे मात्र कोणी सांगत नसे.

ते 'का' मला कळले ते या घरगुती तव्याच्या थोरल्या भावाकडून. उपाहारगृहात डोसे, उत्तप्पे, टिक्क्या ज्याच्यावर होतात, तो चौकोनी सपाट तवा आपण सर्वांनी पाहिला आहे. बोटभर जाडीची लोखंडी पाट, खाली गॅसच्या जाळाच्या रांगा, कडेला तेलपाणी उतरण्यासाठी पन्हळ आणि पन्हळीच्या टोकाशी एक डबा. आपण पाहतो ते समोरून, डोशाची वाट पाहत. माझ्याकडे तबला शिकणाऱ्या एका मुलाचे वडील आपल्या इंदुरातल्या अशाच एका तव्यावर उभे असतात, म्हणून मला तो मागच्या बाजूनेही पाहता आला. धंद्यात त्यांना डोसामास्टर म्हणतात, आणि ते मला मास्तर म्हणतात; त्यामुळे आमच्या बोलण्यात मास्तरांची थोडी गर्दी होते.

तवा साफ करणे हे काम रात्री दुकान बंद झाल्यावर सुरू होते, अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे ते दिवसभर चालूच असते. एक घाणा उतरला की मास्टर तव्यावर पाण्याचा हबका मारतात, हिरांच्या खराट्याने ते पाणी एका दमात पन्हळीकडे लोटतात, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात आणि मग पीठ घालतात. या तीन हालचालींत पाव मिनिटही जात नसेल. पण तिन्हींना कारण आहे. पाण्याने मागचे कण सुटतात आणि तवा किंचित निवतो. तवा फार तापला असेल, तर पीठ पडल्या जागीच धरते, वाटीखाली फिरत नाही आणि डोसा पसरण्याऐवजी फाटतो. कांद्याने तेलाचा थर पुसल्यासारखा पातळ बसतो. ओतलेले तेल जागोजाग साचते, तसे होत नाही.

त्या हबक्यातून मास्टरांना आणखी एक गोष्ट कळते. तवा बेताचा तापलेला असेल, तर पाणी पसरून चुरचुरते व उडून जाते. तो अती तापला असेल, तर पाण्याच्या गोळ्या होऊन त्या पाऱ्यासारख्या तव्यावर पळत सुटतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो, म्हणून तो लगेच आटत नाही. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने तापवून लाल केलेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे थेंब टाकून हा चमत्कार पाहिला आणि १७५६ साली त्यावर ग्रंथात लिहिले. मास्टरांनी लायडेनफ्रॉस्टचे नाव ऐकलेले नाही. पण थेंब पळू लागला की ते पीठ घालत नाहीत.

आता त्या काळ्या रंगाविषयी. तेलाचा अगदी पातळ थर लोखंडावर चांगला तापला की तो तेल म्हणून राहत नाही. त्याचे कण हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडाला घट्ट धरून बसलेले एक कडक, गुळगुळीत आवरण तयार होते. जवसाच्या तेलात कालवलेला रंग चित्रावर वाळतो तो पाण्यासारखा उडून नव्हे, तर असाच गुंफला जाऊन. आपल्या इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या बेंद्र्यांची तैलचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा टिकाऊपणा वेगळा समजावून सांगावयास नको. तव्यावर हेच काम जाळ झपाट्याने करतो. असे थरावर थर बसत गेले की लोखंडाची बारीक छिद्रे भरून येतात, गंज चढत नाही आणि पीठ चिकटत नाही. गवई जसा आवाज कमावतो, तसा हा तवा कमवावा लागतो, आणि दोन्ही गोष्टी एका दिवसात होत नाहीत.

परंतु प्रत्येक काळेपणा कमाईचा नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जळलेल्या पिठाचे कण, तेलाचे जाड ओघळ, मसाल्याची करप हे सारे त्याच रंगाचे असते. पण ते किटण होय, आवरण नव्हे. किटण खडबडीत असते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते डोशाच्या पाठीवर काळे ठिपके होऊन ताटात येतात. त्याच्याखालून आच नीट वर येत नाही, म्हणून जाळ वाढवावा लागतो. मग तव्याचा एक कोपरा करपतो व दुसरा कच्चा राहतो. मेणचट राहिलेले तेल खवट होते आणि त्याचा वास पुढच्या प्रत्येक घाण्याला लागतो. "आमचा तवा वीस वर्षांचा आहे," असे अभिमानाने सांगून किटण तसेच ठेवणारेही धंद्यात आहेत. तो अनुभव नव्हे, आळस आहे. तव्यावरचे खरे कसब यातच आहे की, आजचे ते आज काढायचे आणि वर्षांचे ते ठेवायचे. दोन्हींचा रंग एकच असल्यामुळे हे डोळ्यांनी ठरत नाही. ते हाताने ठरते.

रात्रीचे काम मी एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. शेवटचे गिऱ्हाईक गेले की मास्टर गॅस बंद करतात आणि तवा थोडा उतरू देतात. पूर्ण निवू देत नाहीत, कारण निवलेले किटण दगडासारखे होते. मग सरळ धारेची रुंद खुरपी दोन्ही हातांनी धरून तव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका रेषेत, ओढून नेतात. मध्येच जोर काढला तर तिथे पट्टा राहतो. खुरपी खाली अडखळली की तिथे किटण आहे. ती सरकली की आवरण. मग कोमट पाणी, तेही थोडे थोडे. तापलेल्या पाटेवर गार पाण्याची बादली ओतणे हा तव्याचा घात होय. पोलादी पाट वाकते, आणि बीड असेल तर तडकतेसुद्धा. शिवाय उसळलेली वाफ हाततोंड भाजते. मास्टरांच्या उजव्या मनगटावर अशा वाफेची जुनी खूण आहे.

पाणी तपकिरी होऊन पन्हळीत उतरते. हट्टी डागावर जाडे मीठ टाकून जाड फडक्याने घासतात. तारेचा ब्रश ते वापरत नाहीत. त्याची एखादी तार सुटून अन्नात गेली तर काय होईल, हे सांगावयास नको. कॉस्टिक सोडाही नाही, कारण तेलाला साबण करणारा तो पदार्थ किटणाबरोबर आवरणही खातो. लिंबू आणि व्हिनेगर यांचाही येथे उपयोग नाही. पावभाजीचा तवा वेगळा ठेवतात त्याचे एक कारण हेच: टोमॅटोची आंबटाई रोज आवरण उतरवते, त्यामुळे तो तवा नेहमी करडा दिसतो आणि त्याच्यावर डोसा कधी धड सुटत नाही. शेवटी पन्हळीतला डबा काढून त्यातले तेलकट खरवडण मोरीत न टाकता कचऱ्याच्या वेगळ्या पेटीत जाते. मग तवा पुन्हा मंद जाळावर कोरडा करून तेलाचे फडके फिरवतात आणि धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद. या सगळ्याला पाऊण तास लागला. मास्टर तेवढ्यात बोलले ते एकच वाक्य: "मास्तर, उद्याचा पहिला डोसा आज रात्रीच होतो."

ज्या उपाहारगृहात ते पूर्वी होते, तिथली हकीकत सांगण्यासारखी आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे नवीन व्यवस्थापक आले. तपासणी होणार म्हणून त्यांनी सगळे स्वयंपाकघर उजळावयास काढले. भिंती, ओटे, कढया झाल्या आणि नजर तव्यावर गेली. एवढी काळी वस्तू दर्शनी असावी, हे त्यांना पटेना. मास्टरांनी दोनदा नको म्हटले. तिसऱ्या दिवशी कॉस्टिक आणि घासण्याचे यंत्र लावून तवा रुप्यासारखा करण्यात आला. सकाळी त्याच्यावर एकही डोसा अखंड सुटला नाही. गिऱ्हाइके परत गेली, आणि नुकसानीची नोंद झाली ती मास्टरांच्या नावावर. दोन दिवसांचा पगार कापला गेला. नंतरचा आठवडाभर हा गृहस्थ दुकान बंद झाल्यावर थांबून, पातळ तेलाचा एकेक थर तापवून, तवा पुन्हा कमावीत होता. त्या तासांचा पगार देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती 'साफसफाई' होती. त्या महिन्यात मुलाची फी उशिरा आली, तेव्हा हे मला कळले.

मी त्या मुलाला शिकवतो त्या तबल्याच्या पुडीवर मधोमध काळी शाई असते. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचे मिश्रण पातळ थरांनी लावायचे, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, मग पुढचा. साध्या ताणलेल्या कातड्यातून नुसता धप आवाज येतो. या काळ्या थरामुळे त्यातून सूर निघतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आपल्या तालवाद्यांच्या या गुणाविषयी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले होते. पुडीवरची धूळ आम्ही रोज पुसतो, शाई कोणी पुसत नाही. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बाबांच्या तव्यासारखं." मला त्यात भर घालावी लागली नाही. त्याचे बाबा ज्या पलट्याने डोसा उलटतात, तेच नाव आम्ही गळ्याच्या मेहनतीलाही देतो. पण तो नुसता शब्दांचा योग.

हे सारे इंदुरात लिहावेसे वाटते याला कारण आहे. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर देशात पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे ते स्थान त्याने टिकवले. सराफ्यात रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे तवे आणि कढया लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी हलत नाही, आणि सकाळी सराफ पेढी उघडतो तेव्हा रस्ता साफ असतो. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. कढईतल्या तेलाला तर आता कायद्याचे मोजमाप आहे: तळून तळून त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तव्याच्या बाबतीत असा आकडा हाताशी नसतो. तिथे माणसाच्या हातावरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून त्या हाताचे मोल अधिक.

तपासणीला जाणाऱ्यांनी एक पांढरे फडके बरोबर न्यावे. निवलेल्या, कोरड्या तव्यावर ते फिरवावे. फडक्याला कण, मेण किंवा खवट वास लागला, तर मालकाला जरूर जाब विचारावा. तेलाच्या पुसट डागापलीकडे काही लागले नाही, तर तवा कितीही काळा असो, तो स्वच्छ आहे असे लिहून द्यावे. आणि मालकांनी एवढे करावे की, शेवटचे गिऱ्हाईक गेल्यानंतरचा तो पाऊण तास पगाराच्या हिशेबात धरावा. सकाळी गल्ल्यावर जमा होणाऱ्या पहिल्या रुपयाची सुरुवात त्याच पाऊण तासात झालेली असते.