विश्लेषण : पिशवीवर चिकन पहिले, प्रत्यक्षात कितवे? कुत्र्याच्या कोरड्या खाद्याचा दर्जा कसा ओळखायचा?

पेट शॉपमध्ये एका भिंतीवर पंधरा-वीस पिशव्या मांडलेल्या असतात. एकीवर ‘रिअल चिकन’, दुसरीवर ‘ग्रेन-फ्री’, तिसरीवर ‘प्रीमियम’. किंमत शे-दोनशे रुपये किलोपासून हजार रुपये किलोच्या पुढेपर्यंत. दुकानदार एक नाव सुचवतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरेच येते. निवड मात्र महत्त्वाची असते, कारण आपल्या ताटात रोज वेगळे काही येते, तर किबलवर वाढणारा कुत्रा तेच दाणे सकाळ-संध्याकाळ, अनेकदा वर्षानुवर्षे खातो. एखादा घटक कमी पडला किंवा जास्त झाला, तर तो रोज तसाच होत राहतो. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरीच माहिती असते. ती वाचायची कशी आणि कुठे ती अपुरी पडते, हे पाहू.

घटकांचा क्रम कशावरून ठरतो?

सर्वात जास्त वजनाचा घटक आधी, हा यादीचा सर्वसाधारण नियम. पण हे वजन मिश्रणात घालतानाचे, म्हणजे पाण्यासकट असते. सगळी गोम इथे आहे. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असते. कोरडे खाद्य तयार करताना पीठ, मांस आणि वाफ एकत्र करून ते मिश्रण ‘एक्स्ट्रुडर’ यंत्रातून दाबाने बाहेर काढले जाते, कापले जाते आणि वाळवले जाते. शेवटी दाण्यात जेमतेम १० टक्के ओलावा उरतो.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातला मास बॅलन्स इथे उपयोगी पडतो. समजा १०० किलो कच्च्या मालात २६ किलो ताजे चिकन, २२ किलो मका, २० किलो तांदूळ, १२ किलो मक्याचे ग्लुटेन आणि उरलेले इतर घटक आहेत. यादीत पहिले नाव चिकनचे येणार आणि ते नियमाला धरूनच आहे. वाळवल्यावर मात्र त्या २६ किलोंचे ९ किलोही राहत नाहीत. मका, तांदूळ आणि ग्लुटेन मुळातच कोरडे असल्याने जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे दाण्यात चिकन चौथ्या क्रमांकावर जाते.

याच उदाहरणात दुसरी युक्तीही आहे. मका आणि मक्याचे ग्लुटेन वेगवेगळे लिहिले म्हणून ते चिकनखाली गेले. एकत्र केले तर ३४ किलो होतात. तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा किंवा वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचे तंतू अशी नावे ओळीने दिसली, की मनातल्या मनात त्यांची बेरीज करावी.

‘मील’ आणि ‘बाय-प्रॉडक्ट’ म्हणजे कचरा का?

तसे नाही. ‘चिकन मील’ म्हणजे शिजवून चरबी आणि पाणी काढून टाकलेली, दळलेली चिकनची भुकटी. तिच्यात प्रथिने ६५ टक्क्यांच्या आसपास असतात. यादीत दुसऱ्या क्रमांकावरचे चिकन मील दाण्याला पहिल्या क्रमांकावरच्या ताज्या चिकनपेक्षा जास्त मांस देऊ शकते.

‘बाय-प्रॉडक्ट’ शब्द ऐकून अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात. पण त्यात यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, आतडी असे अवयव मोडतात. कलेजी-पेटा आणि वजडी आवडीने खाणाऱ्या महाराष्ट्राने त्याला नाक मुरडावे, हे जरा विनोदीच. यकृतात जीवनसत्त्वे भरपूर असतात.

खरा फरक नाव किती नेमके आहे यात असतो. ‘चिकन मील’ किंवा ‘चिकनचे यकृत’ लिहिले असेल तर प्राणी कोणता ते कळते. ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’ किंवा ‘सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स’ असे ढोबळ लिहिले असेल, तर बाजारात त्या महिन्यात जे स्वस्त असेल ते वापरायची मोकळीक कंपनीकडे राहते. एखाद्या कुत्र्याला अ‍ॅलर्जी असेल तर असे लेबल कुचकामी ठरते. अ‍ॅलर्जीचा दोष लोक सर्रास धान्याला देतात. प्रत्यक्षात कुत्र्यांमध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीस सर्वाधिक वेळा कारण ठरलेले घटक बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन हे आहेत. गहू त्यांच्यानंतर येतो.

प्रथिने २२ टक्के, यावर किती विश्वास ठेवायचा?

लेबलवर ‘क्रूड प्रोटीन’ असे लिहिलेले असते. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजलेली नसतात, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलेले असते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. तो नायट्रोजन आला कुठून, हे या चाचणीला कळत नाही. पिसांच्या भुकटीतही क्रूड प्रोटीन ८० टक्क्यांच्या वर भरते, पण पिसांतले केराटिन नीट प्रक्रिया केल्याशिवाय कुत्र्याला फारसे पचत नाही.

याचा सर्वात भीषण गैरफायदा २००७ मध्ये समोर आला. अमेरिका आणि कॅनडात कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. मार्चमध्ये ‘मेन्यू फूड्स’ या कंपनीने ६ कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले. मेलामाइन हे प्लास्टिक-रेझिन उद्योगातले रसायन. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. गणित मांडा : १ किलो मेलामाइन या चाचणीत सुमारे ४ किलो प्रथिने ‘दाखवते’. घटकांच्या यादीत तेव्हाही फक्त ‘गव्हाचे ग्लुटेन’ एवढेच लिहिलेले होते. पुढच्याच वर्षी हेच रसायन चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरीत सापडले.

प्रामाणिक आकड्यांची तुलनाही ओलावा वजा करूनच करायला हवी. कोरड्या खाद्यात २२ टक्के प्रथिने आणि १० टक्के ओलावा असेल, तर २२ भागिले ९०, म्हणजे कोरड्या वजनावर सुमारे २४ टक्के. पाकिटातल्या ओल्या खाद्यावर ८ टक्केच प्रथिने लिहिली असतात, पण त्यात ८० टक्के पाणी असते. ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के.

कर्बोदकांचा आकडा बहुतेक पिशव्यांवर नसतोच. तो काढता येतो. १०० मधून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. प्रथिने २२, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ असेल, तर उरतात ४६ टक्के. राख छापलेली नसेल तर ७-८ टक्के धरा. लेबलवरचे आकडे ‘किमान’ आणि ‘कमाल’ स्वरूपाचे असल्याने उत्तर अंदाजेच येईल, पण दोन पिशव्या शेजारी ठेवून बघायला तेवढे पुरते.

मग धान्य नसलेले खाद्य घ्यावे का?

पिष्टमय पदार्थाशिवाय किबलचा दाणा नीट फुगत नाही आणि एकसंध राहत नाही. त्यामुळे ‘ग्रेन-फ्री’ पिशवीत धान्याच्या जागी बहुधा वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा असतो. कर्बोदके फार कमी होतीलच असे नाही. आणि कुत्र्याला पिष्ट पचत नाही हा समजही खरा नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लांडग्यांत पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या जनुकाच्या दोनच प्रती, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती आढळल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगल्याची ही खूण.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, काही कुत्र्यांत हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आजार (डीसीएम) आणि अशा खाद्यांचा संबंध तपासत असल्याचे जाहीर केले. जून २०१९ पर्यंतच्या तक्रारींत नोंदलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ग्रेन-फ्री होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. मात्र कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवी ठोस माहिती मिळेपर्यंत आणखी जाहीर निवेदने न देण्याचे एफडीएने ठरवले. दोष सिद्ध नाही, तसा धान्य टाळण्याचा फायदाही सामान्य कुत्र्यासाठी सिद्ध नाही. मग जास्तीचे पैसे कशाला, हा माझा साधा प्रश्न.

भारतात यावर कोणाचे लक्ष असते?

‘एफएसएसएआय’ माणसांच्या अन्नासाठी आहे. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक आहे. वैधमापन नियमांनुसार पिशवीवर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्क असलाच पाहिजे. हे सगळे ग्राहकाच्या हक्काचे आहे, पण आत काय दर्जाचे आहे याबद्दल ते काही सांगत नाही.

म्हणून अनेक भारतीय पिशव्यांवर अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संघटनेचा हवाला दिसतो. ‘आफ्को’ पोषणाचे निकष ठरवते. उदाहरणार्थ, कोरड्या वजनावर प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लांसाठी २२.५ टक्के प्रथिने. ती कुठल्याही खाद्याला मंजुरी किंवा प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे पिशवीवर ‘आफ्को अ‍ॅप्रूव्ह्ड’ लिहिले असेल, तर तो दर्जाचा पुरावा नाही, उलट सावध व्हायचे कारण आहे. पाहायचे ते ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द आणि ते कोणत्या वयासाठी लिहिले आहेत ते. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचे कॅल्शियम हाडांच्या वाढीसाठी घातक ठरते. त्यांच्यासाठी ‘आफ्को’ने कोरड्या वजनावर १.८ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. ‘हाडे मजबूत होतील’ म्हणून वरून कॅल्शियमचे सिरप पाजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ‘प्रीमियम’ आणि ‘होलिस्टिक’ या शब्दांना तिथेही कायदेशीर व्याख्या नाही.

लेबलवर नसलेली गोष्ट कशी शोधायची?

कच्चा माल तपासला जातो का, हे कुठलीच यादी सांगत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ‘मिडवेस्टर्न पेट फूड्स’ने ‘स्पोर्टमिक्स’ हे कोरडे खाद्य परत मागवले. त्यात बुरशीपासून तयार होणारे, यकृत निकामी करणारे अफ्लाटॉक्सिन २० पीपीबी या मर्यादेच्या वर होते. जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक प्राण्यांचे मृत्यू एफडीएकडे नोंदले गेले. अफ्लाटॉक्सिनची बुरशी मक्यावर सहज वाढते, पण यादीत ‘मका’ असणे हा दोष नव्हता. चांगला मका आणि बुरशीचा मका लेबलवर एकाच शब्दाने लिहिला जातो.

इथे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन किंवा ई-मेल हाच मार्ग. जगभरातल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना ‘वसावा’ अशा प्रश्नांची यादी देते, ब्रँडची नाही. खाद्याचे सूत्र कोणी तयार केले आणि त्यांचे पशुपोषणातले शिक्षण काय? उत्पादन स्वतःच्या कारखान्यात होते की दुसऱ्याकडून करून घेतले जाते? प्रत्येक बॅचची अफ्लाटॉक्सिन आणि साल्मोनेलासाठी चाचणी होते का? एका किलोत किती कॅलरी? आकड्यांसह उत्तर देणारी कंपनी आणि ‘आमचे प्रॉडक्ट १०० टक्के नॅचरल आहे’ एवढेच सांगणारी कंपनी, यांतला फरक फोनवरच कळतो.

घरगुती चाचण्यांचे काय? दाणा पाण्यात किती फुगतो, यावरून दर्जा कळत नाही. तो फक्त पिष्ट आणि एक्स्ट्रुडरचा दाब सांगतो. लाल-हिरवे दाणे आपल्यासाठी असतात, कुत्र्याला त्या दोन रंगांतला फरक धड दिसतही नाही. तो चाटूनपुसून खातो हाही पुरावा नाही, कारण दाणे वाळल्यावर त्यावर चरबी आणि यकृतासारख्या अवयवांपासून केलेला चवीचा अर्क फवारलेला असतो. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे शी, वजन आणि केस पाहा. शी घट्ट, बेताची आणि नियमित असेल तर खाद्य पचते आहे. खाद्य बदलताना जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदला, नाहीतर बिघडलेले पोट नव्या खाद्याच्या माथी मारले जाईल. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्या कुत्र्याला हे सगळे ठोकताळे लागू नाहीत. तिथे पशुवैद्यकाचा सल्ला हवा.

किंमत किलोवर नाही, दिवसावर काढा. २० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,०५० ते १,०६० किलोकॅलरी लागतात. किलोला ३,४०० किलोकॅलरी असलेले २५० रुपयांचे खाद्य रोज सुमारे ३१० ग्रॅम लागेल, खर्च ७८ रुपये. ३,९०० किलोकॅलरीचे ४२० रुपयांचे खाद्य २७० ग्रॅम लागेल, खर्च ११४ रुपये. किलोमागे फरक ६८ टक्के दिसत होता, रोजचा फरक ४६ टक्के निघाला.

राहिला प्रश्न सुट्या खाद्याचा. २० किलोची गोणी फोडून प्लास्टिकच्या पिशवीत किलो-दोन किलो भरून विकायची पद्धत गावोगावी आहे. स्वस्त पडते हे खरे. पण घटक, तारीख, बॅच क्रमांक सगळे त्या गोणीवरच राहते आणि उघड्या गोणीतल्या दाण्यांवरची चरबी हवेने खवट होत जाते. मुंबई-कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत बुरशीची भर पडते. महिनाभरात संपेल एवढीच बंद पिशवी घ्या, खाद्य मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि संपेपर्यंत पिशवी फेकू नका. कुत्रा अचानक खायचा थांबला, उलट्या करू लागला किंवा हिरड्या पिवळट दिसल्या, तर डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या. कंपनीकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतानाही तोच बॅच क्रमांक लागेल.