उरलेले कागद, हरवलेले वाचक

भाषा आणि वाचन यांचा उल्लेख बहुधा एका दमात होत असला, तरी या दोन गोष्टींचा जीवनक्रम फार वेगळा आहे. बोलणे मूल घरच्या माणसांत राहून शिकते, त्यासाठी शाळा लागत नाही, आणि म्हणूनच भाषा पिढ्यानुपिढ्या बदलत गेली तरी तिचा धागा सहसा तुटत नाही. लेखनविद्या मात्र मानवी इतिहासात अवघ्या पाच-साडेपाच हजार वर्षांची आहे. लिहिलेले वाचण्याची क्षमता कोणीही जन्मतः घेऊन येत नाही, ती दर पिढीला नव्याने शिकवावी लागते आणि शिकवणारे थांबले की थोड्याच काळात ती नाहीशी होते. मराठीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. भाषेने सात-आठशे वर्षांत असंख्य रूपे पालटली आणि तरीही ती मराठीच राहिली. उलट मोडी लिपीचे वाचन दोन-तीन पिढ्यांत लोपले आणि पणजोबांनी लिहिलेला कागद पणतवाला परका झाला.

भाषेतील बदल वरवर पाहता मनमानी वाटले तरी त्यांपैकी पुष्कळ बदल नियमाने होतात. संस्कृतातील ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’. ‘कर्ण’ ‘कण्ण’ होऊन ‘कान’ झाला. ‘अद्य’ ‘अज्ज’ होऊन ‘आज’ झाले. या उदाहरणांत आधी दोन निराळी व्यंजने एकसारखी होऊन त्यांचे द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन, बनते आणि पुढे ते द्वित्त सुटून त्याच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. हा बदल कोणी ठरवून केलेला नव्हता आणि तो होत असताना कोणाला जाणवलाही नसावा, कारण आजी आणि नात यांच्या उच्चारांत पडणारा फरक संभाषण अडावे इतका कधीच मोठा नसतो. शब्दसंग्रहाचे बदल अधिक उघड असतात आणि त्यांवर वादही अधिक होतात. बहमनी आणि नंतरच्या सुलतानी राजवटींत फारसी कारभाराची भाषा झाल्यामुळे ‘जमीन’, ‘कागद’, ‘अर्ज’, ‘खर्च’, ‘हुकूम’ हे शब्द मराठीत आले. पोर्तुगिजांकडून ‘बटाटा’, ‘चावी’, ‘पगार’, ‘घमेले’ आले. इंग्रजीची आवक तर अजून चालूच आहे. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि फारसी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. अष्टप्रधानांची नावे बदलली, पण ‘जमीन’ आणि ‘कागद’ जागचे हलले नाहीत, यावरून राजाज्ञेची भाषेवर किती सत्ता चालते याचा अंदाज येतो.

लिखित ग्रंथाला मात्र बोलणाऱ्यांबरोबर बदलता येत नाही, आणि तो टिकवायचा तर कोणाला तरी श्रम घ्यावे लागतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर सुमारे तीन शतके ती नकलांमधून फिरत राहिली. नकलनवीसाला जो जुना शब्द कळला नाही तिथे त्याने आपल्या काळचा शब्द घातला, आणि अशा रीतीने पाठभेद, म्हणजे एकाच ओळीची निरनिराळी रूपे, वाढत गेले. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणाने. मराठीतील ग्रंथसंपादनाचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. भाषा बदलते हे ओळखून जुने रूप जाणीवपूर्वक राखणारा वाचक त्यामागे होता. महानुभाव पंथाने याच्या नेमकी उलट वाट धरली. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथीयांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. परिणामी ‘लीळाचरित्रा’सारखा यादवकालीन गद्याचा अमोल ठेवा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञातच राहिला. भाषा तीच, तीही बरीचशी बोलीतली आणि सोपी, पण अक्षर कळत नसल्यामुळे ग्रंथ असूनही नसल्यासारखा झाला.

मोडीची कथा याहून मोठ्या प्रमाणावर घडली. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ही लिपी रूढ केली असे परंपरा मानते. त्याचा पुरावा काहीही असो, पुढची कित्येक शतके मराठी मुलखातील कारभार, हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत चालला, तर पोथ्या आणि काव्ये बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत, लिहिली गेली. मोडी ही वेगाची लिपी आहे. लिहिणारा आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरांमागून अक्षरे काढत जातो. त्यात शब्दांमध्ये अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. लिहिणाऱ्याची सोय झाली तेवढा भार वाचणाऱ्यावर पडला, आणि तो भार संदर्भाच्या ज्ञानावरच पेलता येत असे.

छपाईच्या युगात हे गणित उलटले. विल्यम केरी याचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला होता हे खरे, परंतु सुट्या सुट्या अक्षरांची बाळबोध लिपी खिळ्यांना अधिक मानवली. शाळेची पुस्तके, १८३१ चा मोल्सवर्थचा कोश, १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले ‘दर्पण’ या सर्वांतून मराठी वाचक बाळबोध अक्षरावर पोसला गेला. मोडी हाताने लिहिण्याची लिपी म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राथमिक शाळांत शिकवली जात होती. त्यानंतर ती अभ्यासक्रमातून गेली. तुर्कस्तानात १९२८ साली कायदा करून अरबी लिपीऐवजी रोमन लिपी आणली गेली आणि जुने वाचन एका पिढीत संपले. महाराष्ट्रात तसा गाजावाजा झाला नाही, पण शेवट फारसा वेगळा झाला नाही.

या लोपाबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे मात्र एकांगी ठरेल. मोडी जेव्हा भरात होती तेव्हा ती वाचणारे किती होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा. लेखणी कुळकर्णी, फडणीस, चिटणीस आणि सावकार यांच्या हाती होती. ज्याच्या नावे खत लिहिले जाई तो कुणबी बहुतेक वेळा निशाणी किंवा अंगठा करून मोकळा होई आणि आपण कशाला मान्यता दिली हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. जिथे कागद मिळाले तिथे ते हिसकावून जाळण्यात आले. न वाचता येणाऱ्या कागदाची दहशत एवढी होती. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. वाचू न शकणाऱ्या माणसासाठी सरकारने वाचणारा नेमून दिला, एवढाच त्याचा अर्थ. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये प्रौढ कष्टकऱ्यांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेमागची दृष्टी याहून कितीतरी पुढची होती, कारण तिच्यात त्या माणसालाच वाचता यावे असा आग्रह होता. शाळेतल्या मुलाला दोन लिप्यांऐवजी एक शिकावी लागली यानेही साक्षरतेच्या प्रसाराला मदतच झाली असेल.

तरीही किंमत मोजावी लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि ती निवड एकूण साठ्याचा लहानसा अंश आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद तमिळ प्रदेशात पडून आहेत, जिथे वाचणारे आणखीच थोडे. हा प्रश्न इतिहाससंशोधकांपुरता असता तर समाजाने त्याकडे पाठ फिरवली असती, परंतु जमिनीचे जुने हक्क, वाटण्या, इनामे आणि जातीच्या नोंदी याच कागदांत आहेत. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू लिपीतील जुनी दप्तरे उघडावी लागली आणि ती वाचणाऱ्या जाणकारांची गरज एकाएकी भासू लागली. शाळेतून सहज काढून टाकलेले एक कौशल्य आरक्षणाच्या दाखल्याशी येऊन भिडले.

मोडी वाचण्याचा अनुभव वाचनाचे स्वरूपही नीट उलगडून दाखवतो. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे: एक, अक्षरावरून उच्चार ओळखण्याची, आणि दुसरी, ऐकलेली भाषा समजण्याची. बेरीज नसून गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांत शिकता येतात, पण पेशवेकालीन कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे साल आले की नुसता अक्षरांचा जाणकार थबकतो. हे अरबी संख्याशब्द आहेत. तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७३ हे शुहूर सन होते आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इ. स. १७७२-७३ निघते. ‘मोकासा’, ‘बाबती’, ‘कौल’ या शब्दांची हीच गत आहे. अक्षर लागले, अर्थ लागला नाही.

शाळेतल्या मुलाची अडचण याच सूत्राने समजते. देवनागरीत स्वर, व्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून डोळ्याला ओळखावी लागणारी चिन्हे शेकड्यांनी होतात, त्यामुळे पहिला घटक पक्का व्हायला रोमन लिपीपेक्षा अधिक काळ लागणे स्वाभाविक आहे. पहिली-दुसरीत तो पक्का झालाच असेल असे गृहीत धरून तिसरीची पुस्तके रचली जातात, आणि मागे पडलेल्या मुलासाठी थांबायला पुढे कोणाला वेळ नसतो. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे निम्मे होते, महामारीनंतर २०२२ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि २०२४ मध्ये ४९ टक्क्यांच्या जवळ आले. दुसऱ्या घटकाकडे तर त्याहून कमी लक्ष दिले जाते. मेळघाटातील कोरकू मूल घरी जी भाषा बोलते ती मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा गटातली आहे. खानदेशातील अहिराणी किंवा कोकणातील मालवणी बोलणाऱ्या मुलाचे अंतर कमी असले तरी असतेच. अशा मुलाला अक्षरे लागतात, उच्चार होतो, आणि शिक्षकाला वाटते की मूल वाचते आहे. जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता २०११ साली ८२ टक्क्यांच्या वर नोंदली गेली, पण त्या नोंदीसाठी कोणाकडून उतारा वाचून घेतला जात नाही; घरातल्या माणसाने सांगितलेले पुरेसे मानले जाते.

मोडीचा २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाल्यामुळे ती संगणकावर टंकित करता येते आणि यंत्राकडून जुने कागद वाचून घेण्याचे प्रयत्नही होऊ लागले आहेत. त्यासाठी यंत्राला मूळ मोडी मजकूर आणि त्याचे अचूक बाळबोध लिप्यंतर अशा हजारो जोड्या पुरवाव्या लागतात. त्या जोड्या जुळवण्याचे काम अभ्यासवर्गांतून तयार होणाऱ्या मोडी-वाचकांनाच करावे लागते, आणि ‘दिन’ की ‘दीन’ हे ठरवण्यासाठी त्यांनाही आधी अख्खे पत्र वाचून काढावे लागते.