पाच व्होल्टच्या हाती २३० व्होल्ट

आर्डुइनोसारख्या बोर्डाची एक पिन पाच व्होल्ट देते, पण करंट सुमारे २० मिलिअँपिअर. एलईडीला तेवढा पुरतो. घरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पाच व्होल्टच्या रिलेच्या कॉइललाच मात्र ७० मिलिअँपिअरच्या आसपास लागतो. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालतात आणि कॉइलला उलटा डायोड जोडतात. रिले बंद होताना कॉइल व्होल्टेजचा झटका मारते. डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर कामातून गेलाच म्हणून समजा.

रिलेत कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांचा तारेने संबंधच नसतो. चुंबक पत्ती ओढतो, बस्स. घरातली २३० व्होल्टची वीज क्षणाक्षणाला ३२५ व्होल्टचं शिखर गाठते. ती बोर्डावर, तिथून यूएसबीने लॅपटॉपवर आणि तुमच्या बोटांपर्यंत येऊ नये, त्यासाठी हा सगळा खटाटोप. स्वस्तातलं रिले मॉड्यूल घ्याल तेव्हा ते पालथं करून पाहा. कॉइल आणि कॉन्टॅक्ट अशा दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांत ऐसपैस अंतर आणि शक्यतो आरपार कापलेली खाच हवी.

रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या सरळ लोडसाठी असतात. पाण्याचा पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. मग प्रोग्राम बंद म्हणतो आणि पंप आपला चालूच! तिथे कॉन्टॅक्टरच लावावा, रिलेने फक्त त्याची कॉइल चालवावी.

सॉलिड स्टेट रिले टकटक करत नाही, पण बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो. त्याने बंद केलेला एलईडी दिवा कधीकधी मिणमिणतो तो त्यामुळेच. आणि रिले कुठलाही असो, तोडायची ती फेज. न्यूट्रल तोडला तर दिवा विझतो, होल्डरमधली वीज तशीच राहते.